नको म्हटलं की परत फिरायचं

बस गं सुवर्णा, उभी का? तू दारातून "आत येऊ का" विचारलंस आणि मी नुसती मान हलवली, त्याचा राग नको मानू. तोंडानं कुणाला 'ये' म्हणत नाही मी हल्ली. का, ते सांगते. दूध तापेपर्यंत वेळ आहे. आजपासून रात्रीचं तुलाच बघायचंय, तर तुला ठाऊक असलेलं बरं.

ह्या मुलींच्या आधारगृहातला पहिला नियम मॅडमनी सांगितलाच असेल. पोरींच्या खोलीत कुणी धाडकन शिरायचं नाही. दाराबाहेर उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं आणि 'आत येऊ का' म्हणून एकदाच विचारायचं. आतून 'या' आलं तरच आत जायचं. 'नको' आलं की मुकाट परत फिरायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मला आधी हसू यायचं. म्हटलं, ही काय थेरं! शेंबड्या पोरींची परवानगी घ्यायची? पण ज्यांचं दार कुणीही, कधीही उघडायचं, त्या पोरींना आपल्या 'नको'नं माणूस मागं फिरतं हे पहिल्यांदा दिसतं ना, तेव्हा त्यांचं तोंड बघ. मी बघितलंय. त्यानंतर नाही हसले.

वर, टोकाच्या खोलीत आशा आहे. सुरगाण्याकडची. आईबाप दिंडोरीकडं द्राक्षबागेत कामाला येत, तेव्हा ही आत्याकडं राहायची. आत्याचा नवरा बारकू बागेत वेलींवर गंधकाचं औषध मारायचा. पुढचं मी बोलणार नाही, तू समजून घे. पोर इथं आली तेव्हा पलंगाखाली झोपायची. मी दारात उभी राहून विचारायची, "आशा, मी कलामावशी, आत येऊ का?" आणि ती 'नको' म्हणायची. रोज. आणि मी रोज परत फिरायची, हातातलं दूध घेऊन. मग एका संध्याकाळी आतून बारीक आवाज आला, "या." जिन्यात बसून रडले गं मी.

मग पावसाळ्यानंतर फोन आला. जामिनावर सुटलेला बारकू शेततळ्यात बुडून मेला. त्या तळ्यांना प्लास्टिक अंथरलेलं असतं, घसरलं की माणसाला वर येता येत नाही. मीच आशाला सांगितलं. केवढ्या तोऱ्यात सांगितलं! म्हटलं, मेला एकदाचा, आता कुठला येतोय तो!

त्याच आठवड्यात मी दिवेलागणीला दूध घेऊन वर गेले. नाव सांगितलं, विचारलं. आतून आशा चिडून म्हणाली, "मावशी, मघाशीच नको म्हटलं ना!"

"मघाशी कधी? मी तर आत्ता जिना चढले."

दार इतकुसं उघडलं. पोर पांढरीफटक.

"तुमचाच आवाज होता... तुमचंच नाव सांगितलं. मी नको म्हटलं, तर परत विचारलं. परत नको म्हटलं... तरी परत. मावशी, तुम्ही दोनदा विचारत नाय."

मला तेव्हा वास आला. त्या जिन्यात फिनेलचा वास असतो, नाहीतर पोरींच्या तेलाचा. हा गंधकाचा होता, ओल्या गंधकाचा. दारासमोरच्या फरशीवर पाण्याचं थारोळं होतं आणि वरती छप्पर कोरडं ठणठणीत.

माझा स्वभाव तुला कळेलच. भीती वाटली की मी आधी भांडते. रिकाम्या जिन्यात उभी राहून ओरडले, "मेल्या, मेलास तरी लाज नाही का रे? पोर नको म्हणतेय, ऐकू येत नाही?" खालच्या खोलीतली रोशनी धावत आली, तिला वाटलं मावशीला वेड लागलं. पण तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो यायचा. माझ्या आवाजात विचारायचा. आणि आशा रोज 'नको' म्हणायची. एकदा जरी चुकून 'या' निघालं असतं ना तिच्या तोंडून... पण पोर चुकली नाही. खमकी पोर.

चुकले मी.

माझी सुट्टी होती, सातपूरला घरी होते. ह्यांची कंपनीत दुसरी पाळी, घरात एकटीच. संध्याकाळी भाकरी थापत होते आणि दार वाजलं.

"मावशी... मी आशा. आत येऊ का?"

मला वाटलं, पोर पळाली! एवढ्या लांब, कंपन्यांच्या रस्त्यानं, एकटी! पिठाच्या हातानं उठले आणि उठता उठता ओरडले, "ये गं माझी बाई, ये!"

दार उघडलं तर कुणी नव्हतं. नुसतं गार वारं आत आलं. आणि तो वास.

दुसऱ्या दिवशी आशाच्या दारात उभी राहिले. विचारलं. आतून म्हणाली, "मावशी, तुम्ही या. त्याला बाहेर ठेवा."

त्या दिवसापासून मी जिना चढले नाही. खालीच असते, स्वयंपाकघरात. बसमध्ये कितीही गर्दी असू दे, माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. एक बाई बसली होती, लगेच उठली, म्हणाली सीट ओली आहे. ह्यांनाही घरात वास येतो, ते कंपनीला शिव्या घालतात. पण खरं सांगू? मला बरंच वाटलं. म्हटलं, माझ्यामागं आहे तोवर पोरीच्या दारात नाही. माझं वय झालंय, मला काय करतोय तो! असू दे.

आमचं ठरलंय तसं. संध्याकाळी मी घरी निघाले की गेटातून मागं वळून वर बघते. आशा खिडकीत असते. तिला तो दिसतो, मला नाही. ती मान हलवते, म्हणजे तो माझ्यामागोमाग बाहेर पडला. मग मी निर्धास्त बस पकडते.

काल मी गेटात थांबले. वर बघितलं. आशा खिडकीतच होती, पण माझ्याकडं पाठ करून. दाराकडं बघत उभी होती. मी खालून हाका मारल्या, तरी वळली नाही.

मॅडमना म्हटलं, आज मी घरी जात नाही. इथंच बसते, जिन्याच्या तळाशी. मी वर गेले तर तोही माझ्यामागून वर येईल की काय, हे आता मलाच कळत नाही, म्हणून तू जा. दूध तापलंय बघ. ग्लास नीट धर. दारात उभी राहा, स्वतःचं नाव सांग, एकदाच विचार.

आणि सुवर्णा, तू विचारायच्या आधीच आतून 'या' ऐकू आलं... तर तिथूनच मला हाक मार.