सोळावा बोल्ट

या सगळ्या खटाटोपातून आबा देवस्थळींना मिळणार होतं एक स्टिअरिंग. बस्स, एवढंच. पण २०४९ साली तीही चैनच होती. कारखान्यातून येणाऱ्या गाड्या आपल्या आपण चालत, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तर त्या हॉर्नलाही हात लावू देत नसत. गाडी घरी स्वतः जोडली, तरच स्टिअरिंग हाती. म्हणून धातुशास्त्रज्ञ आबांनी शहात्तराव्या वर्षी सुट्या भागांचा अख्खा संच मागवला.

त्यांच्या नातीला, ईरावतीला, पुढची सीट मिळणार होती. संचाबरोबर आलेल्या खुट्याला, म्हणजे पाटाएवढ्या मदतनीस रोबोला, काहीच मिळणार नव्हतं. आणि मंजूआत्याचा तर चक्क तोटा होता. ज्या गॅरेजात गाडी जोडायची, तिथेच तिला गोधड्या शिवायच्या होत्या.

"रविवारी संध्याकाळी सहाच्या आत गाडीचा सांगाडा उभा करा, आबा," तिने बजावलं. "नाही झाला, तर हा पसारा बाहेर आणि माझं शिलाई मशीन आत."

देवस्थळींच्या घरात हातातलं काम पुरं केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत. आबांनी बोल्टही तसेच लावले. एक घातला, करकचून आवळला, मगच पुढचा. रविवारी पावणेपाचला पंधरा झाले.

सोळावा जाईना.

दोन नळ्यांची भोकं समोरासमोर यायला हवीत, तर ती एकमेकांशी रुसल्यासारखी बाजूला सरकली होती. आबांच्या हातातला पाना सुटला तो थेट अंगठ्यावर.

"वाकडी नळी पाठवलीय लेकांनी!" आबा कळवळत ओरडले.

ईरावतीने मोजपट्टी लावली. एक नळी, दुसरी, सगळ्या सोळा. मग ती मटकन खालीच बसली. "आबा, एकही वाकडी नाही. सगळं बरोबर आहे!"

"सगळं बरोबर आणि बेरीज चूक? कसं शक्य आहे?"

"खुट्या, तुला माहितीये का रे?" ईरावतीने विचारलं.

"हो. पहिल्या बोल्टपासून."

आबा गर्रकन त्याच्याकडे वळले.

"अरे गाढवा, मग बोलला का नाहीस?"

"सोमवारी तुम्ही सांगितलंत, आबा. मोठी माणसं काम करत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. मी नोंद करून ठेवली."

आबांनी घसा खाकरला. ईरावतीने हसू गिळलं. तिलाही त्याच दिवशी तीच तंबी मिळाली होती.

"बरं, आता उघड तोंड."

"भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं ठेवतात," खुट्या म्हणाला. "त्याला सूट म्हणतात (बोल्टभोवती मुद्दाम सोडलेली मोकळी जागा). इथे ती अर्धा मिलिमीटर आहे. तुम्ही प्रत्येक सांधा लगेच आवळलात, तेव्हा नळी त्या जागेत एकाच बाजूला सरकून पक्की झाली. पंधरा सांधे, प्रत्येकी अर्धा..."

"साडेसात मिलिमीटर!" ईरावती ओरडली. तिने मोजपट्टी भोकांवर ठेवली. फट बरोबर तेवढीच. दिसेल न दिसेल अशा पंधरा चुका चोरपावलांनी येऊन इथे एकत्र बसल्या होत्या.

"मग आता?" आबांनी विचारलं. घड्याळात पाच वाजून गेले होते.

मशीन आत आणायची वेळ झाली का, ते बघायला दारात येऊन उभी राहिलेली मंजूआत्या फिसकन हसली. "अहो, यात काय मोठंसं विज्ञान आहे? गोधडीची एक कड मी सरळ मशीनवर पक्की शिवत गेले, तर कापड सरकत जातं आणि शेवटी वीतभर बाहेर लोंबतं. म्हणून आधी सगळीकडे कच्चे टाके. चारही कोपरे जुळले, की मग पक्की शिलाई. उसवा सगळं!"

आबांनी लेकीकडे पाहिलं आणि पाना उचलला. चाळीस वर्षं धातूंवर संशोधन, आणि उत्तर गोधडीत!

पंधराही बोल्ट सैल झाले. ईरावतीने सांगाडा हलकेच हलवला. साडेसात मिलिमीटर सगळ्या सांध्यांत थोडे थोडे वाटले गेले, आणि सोळावा बोल्ट बोटाने ढकलला तरी आत गेला. मग आवळायचं काम. पण एकदम नाही. एक बोल्ट थोडा, त्याच्या समोरचा थोडा, असे फेरे घेत.

सहाला आठ मिनिटं कमी असताना ईरावतीने सांगाड्याला जोरात धक्का दिला. तो तसूभरही हलला नाही.

"मोटर जोडतानाही आधी कच्चे टाके हं, आबा," ती म्हणाली. "आणि चाकांनाही."

मंजूआत्याने घड्याळ पाहिलं, सांगाडा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! हे मी काय करून बसले!"

तर हिशेब असा. आबांना स्टिअरिंग, ईरावतीला पुढची सीट, खुट्याला मध्ये बोलायची मुभा. आबांनी भरलं एक नख, अंगठ्याचं. बाकी सगळं भरलं मंजूआत्याने: अख्खं गॅरेज, तेही स्वतःच्या तोंडाने. शिवाय गाडीच्या सीटवर घालायच्या गोधड्याही आता तिलाच शिवायच्या आहेत, त्या वेगळ्याच.