माशाच्या कातडीचं भांडण

माशाची कातडी सकाळी टाकली तर संध्याकाळी तिचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. हे मला कुणी शिकवायला नको. माझी आई, हेमांगी पावसे, बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते आणि मी चालायला लागले तेव्हापासून त्या टोपल्यांमधूनच फिरते आहे. मग अशी कातडी माणसाच्या पोटात शिवली, तर ती टिकणार कशी?

हा प्रश्न मला पडला तोवर आईचं ऑपरेशन होऊनही गेलं होतं. दवाखान्यातल्या नर्स-रोबोने, म्हणजे त्या चाकांवरच्या ठोकळ्याने, अगदी गोड आवाजात सांगितलं की आईच्या पोटात माशाच्या कातडीचं ठिगळ बसवलं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईचं दुखणं जुनं होतं. माझ्या जन्माच्या वेळी तिचं पोट उघडावं लागलं होतं. तेव्हापासून त्या जागी पोटाची भिंत (आतडी आत धरून ठेवणारा स्नायूंचा आणि चिवट पडद्यांचा थर) कमजोर राहिली. टोपल्या उचलून उचलून ती तिथेच फाटली आणि आतडं फटीतून डोकावायला लागलं. याला हर्निया म्हणतात. आधी तिथे प्लास्टिकची जाळी बसवली होती, पण तिच्यात जंतू झाले आणि ती काढावी लागली. आता हेही ठिगळ सुटलं आणि आतडं फटीत अडकलं, तर आईच्या जिवावर बेतणार होतं. आणि हे शहाणे तिच्या पोटात मासळी शिवून मोकळे झाले होते!

मी ठोकळ्याला लाथ मारली. माझाच अंगठा सुजला, त्यामुळे राग आणखी वाढला. तशीच लंगडत डॉ. झुलेखा मुकादम यांच्या प्रयोगशाळेत शिरले. ठिगळ त्यांनीच बनवलं होतं. त्याही काही गरीब गाय नव्हत्या. आधी भांडून घे, मग ऐक, म्हणाल्या. मी मनसोक्त भांडले.

मग त्यांनी एक पांढरा, ओलसर तुकडा माझ्या नाकाशी धरला. वास म्हणून नव्हता. सडतं ते मांस, रक्त आणि पेशी (ज्यांनी प्रत्येक सजीवाचं शरीर बनतं ते सूक्ष्म घटक), आणि सडवतात ते जंतू. इथे पेशी धुऊन काढल्या होत्या आणि जंतू मारले होते. उरलं होतं ते कोलॅजन (कातडीला बळकटी देणारे प्रथिनांचे धागे). तसलेच धागे आपल्या शरीरातही असतात, म्हणून शरीर त्यांच्यावर सहसा तुटून पडत नाही. मी तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. फाटला नाही. माझा पारा जरा उतरला.

"म्हणजे हे कायमचं टिकणार ना?" मी विचारलं.

"नाही. हळूहळू यातलं काहीच उरणार नाही."

झालं! पुन्हा माझं डोकं फिरलं. पण डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, तुझे बाबा कुजकं जाळं कसं सांधतात? मी फणकाऱ्याने म्हटलं, सगळं एकदम थोडंच कापतात, एक कुजका धागा काढला की तिथे नवा विणतात, म्हणून जाळ्याचा आकार मोडत नाही. बोलता बोलता माझी नजर हातातल्या तुकड्यावर गेली.

"तेच तुझ्या आईच्या पोटात चाललंय," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या पेशी ठिगळात शिरतात, बारीक रक्तवाहिन्या शिरतात. माशाचा धागा जातो आणि तिथे तुझ्या आईचा येतो."

मात्र नवा धागा पक्का व्हायच्या आत ओझं उचललं, तर सगळं उसवायची भीती होती. बेताचं चालायचं, जड काही उचलायचं नाही. मग काय, आईने टोपलीला हात लावला की मी अख्खं बंदर डोक्यावर घ्यायचे. ही माझी सासूच झाली आहे, असं ती सगळ्यांना चिडून सांगायची. सांगू दे.

वर्ष सरलं आणि डॉक्टरांनी आईच्या पोटाच्या आतली चित्रं पडद्यावर दाखवली. भिंत सलग होती. माशाचं काही दिसतं का, म्हणून मी नाक लावून बघितलं. काही नव्हतं. तिथे सगळी आईच होती. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

बाहेर आलो तर दारात एक खलाशी ठोकळ्यावर ओरडत होता. त्याचं बाळ पोटाची भिंत अर्धवट घेऊन जन्मलं होतं आणि तिथे हेच ठिगळ बसवायचं होतं. मासळी सडते हे मला शिकवू नका, असं तो म्हणत होता. त्याने पाय मागे घेतलेला पाहिला आणि मी धावले.

"काका, लाथ मारू नका, अंगठा सुजतो," मी म्हटलं. "आणि प्लास्टिक बाळाबरोबर वाढत नाही. याची जागा बाळाचं स्वतःचं अंग घेईल आणि ते त्याच्याबरोबर वाढेल. आधी मनसोक्त भांडून घ्या, मग नीट सांगते."

आई बाकावर टेकली. आज लवकर घरी जाणं होत नाही, हे तिने ओळखलं होतं.