माहेरची वाटी

मूस (सोनं आटवायचं भांडं) लालबुंद झाली होती, आणि मंगळसूत्राची एक वाटी सापडत नव्हती.

“दोन हव्यात. एक माहेरची, एक सासरची,” टाकणखार नावाचा सोनारकाकांचा यंत्रमानव म्हणाला. “तराजूत एकच आहे.”

शाल्मलीने मूठ आणखी घट्ट केली.

तिची आई उन्हाळ्यात गेली. जाण्याआधी म्हणाली होती, “माझ्या वाट्या कपाटात नका ठेवू. शालूला कानातलं करा.”

“उघड ना मूठ, शालू,” आबा म्हणाले. आबा म्हणजे आईचे वडील, खडकांचे शास्त्रज्ञ.

“नाही! आटवलं की आई जाईल. तिचा घाम लागलाय त्याला.”

आबा तिच्याशेजारी फरशीवरच बसले. “हे सोनं आलं कुठून गं?”

“खाणीतून.”

“आणि खाणीत?”

शालूने आपल्या मुठीकडे पाहिलं.

“पृथ्वी नव्हती, तेव्हा बहुधा दोन न्यूट्रॉन तारे (मोठे तारे मेल्यावर उरणारे फार घट्ट गोळे) एकमेकांवर आदळले. त्यात सोनं जन्मलं, धुळीत मिसळलं. त्या धुळीची पृथ्वी झाली. ती तेव्हा वितळलेली होती, म्हणून जड सोनं पार गाभ्यात बुडालं.”

“मग वर कसं आलं?”

“ते अजून खालीच आहे. आपल्या वाट्याला आलेलं बरंचसं नंतर पडलेल्या उल्कांनी आणलं असावं. मग जमिनीखालच्या कढत पाण्यात ते विरघळलं आणि खडकाच्या भेगांतून वर चढलं. भूकंपाने भेग रुंदावली की दाब उतरायचा, आणि गारगोटीत सोन्याची रेघ मागे राहायची. अब्जावधी वर्षांच्या जुन्या खडकांत त्या रेघा आजही सापडतात.”

“इतक्यांदा वितळलं, विरघळलं?”

“हो. पण एकाही अणूचं (पदार्थाच्या अगदी बारीक कणाचं) सोनेपण गेलं नाही.”

“आणि आईचा घाम?”

आबांनी चष्मा काढून पुसला. “तो जाईल, बाळा. तो नाही राहणार.”

शालू त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली.

“रडा निवांत,” टाकणखार हळूच म्हणाला. “भट्टी चालू राहील, विजेचं बिल काकांचं आहे.”

रडता रडता शालूला हसू आलं. तिने मूठ उघडली. तळव्यावर वाटीचा गोल वळ उमटला होता.

“आबा, तुम्हीच दिली होतीत ना तिला? तुम्ही टाका.”

आबांचा हात मुशीपर्यंत जाईना. मग शालूने खालून आपला हात लावला.

टाकणखारने तराजूतली वाटीही मुशीत सोडली, आणि दोन वाट्यांचा एक थेंब झाला. त्यात माहेरची कुठली, सासरची कुठली, काही कळेना.

“मला मुलगी झाली की हे पुन्हा आटवायचं?”

“हो. तिला सगळं ताऱ्यांपासून सांग.”

शालूने नकारार्थी मान हलवली. “आधी आईचं सांगेन. मग ताऱ्यांचं.”