अर्धा पियाला चहा

पहिल्याच दिवशी रोरीनं साऱ्या शिक्षकांना हाकलून लावलं, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता!

आयर्लंडहून या डोंगरगावातल्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला आलेला हा लाल केसांचा स्वयंसेवक. बुरुल तिसरीचा वर्ग आटोपून, इसिक-कुल तळ्याच्या वाऱ्यानं विस्कटलेले केस सावरत शिक्षकांच्या खोलीत शिरली, तर स्वारी हौसेनं सगळ्यांना चहा ओतत होती... अगदी काठोकाठ. मुख्याध्यापिका तुर्सुनायताई भरल्या पियाल्याकडं नुसत्या बघत बसलेल्या. बुरुलला हसू आवरेना.

“अहो, आमच्याकडं भरलेला पियाला म्हणजे ‘प्या आणि चालते व्हा!’”

“अरे देवा! आणि माणूस बसायला हवा असेल तर?”

“अर्धा द्यायचा. मग तो पुन्हा मागतो, आपण पुन्हा ओततो... तेवढंच बसणं लांबतं.”

तो कानांपर्यंत लाल झाला, आणि मग असा काही मोकळा हसला की बुरुलचंच काळीज हललं. मेलं हे काय भलतंच, म्हणून ती तळलेल्या बोर्सोक-पुऱ्यांची थाळी पुढं सरकवू लागली.

तिसरीचा इंग्रजीचा तास दोघं मिळून घेत. हिवाळ्यात वर्गातली शेगडी पेटवताना त्याच्या नाकाला काजळी लागे, मुलं खिदळत, आणि बुरुल मात्र सांगायचं मुद्दाम विसरे. मधल्या सुट्टीत तो पियाला पुढं करायचा. एकदा... दोनदा... पाचदा.

“पोट आहे की पखाल?”

“मी काय करू? तुम्ही अर्धाच देता!”

ती डोळे वटारायची, आणि ओतायची. अर्धाच.

मे महिना आला. जर्दाळू धरले, रोरीचं वर्ष संपलं. अजून एक वर्ष राहण्याचा कागद तुर्सुनायताईंनी त्याच्या हाती दिला होता. फक्त सही हवी होती. कागद घेऊन तो बुरुलकडं आला.

“राहू की जाऊ?”

राहा, हा शब्द तिच्या अगदी ओठांवर होता. पण आपण थांबवलं म्हणून थांबलेला माणूस उद्या या डोंगरांना कंटाळला तर? कुढत बसला तर? ते तिला बघवलं नसतं.

“तुमचं तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला. कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला.

शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा मांडला. बाहेर शहराकडं जाणारी व्हॅन उभी, दाराशी त्याची बॅग. ओतायचं काम बुरुलकडं, कारण वयानं तीच सगळ्यांत धाकटी. रोरीचा पियाला हातात घेतल्यावर तिनं मन घट्ट केलं... आणि ओतत राहिली. काठोकाठ.

तुर्सुनायताईंचा मुरंब्याचा चमचा तोंडाशीच राहिला.

या वेळी रोरीला अर्थ ठाऊक होता. तो पियाल्याकडं बघत राहिला, मग तिच्याकडं – तिच्या भरून आलेल्या डोळ्यांकडं. त्यानं तिचा रिकामा पियाला ओढला आणि आपल्यातला निम्मा चहा त्यात ओतला. थोडा सांडलाही.

“बघ,” तो हळूच म्हणाला, “आता दोघांचेही अर्धेच आहेत.”

बुरुलचा बांध फुटला. “नको जाऊस! खरंच नको. मला... मला तू रोज पाचदा चहा मागायला हवा आहेस.”

“पाचदाच?”

“हातात किटली आहे माझ्या, लक्षात ठेव!”

हसता हसता त्यानं खिशातला कागद काढला. तुर्सुनायताईंनी स्वतःचं पेन पुढं केलं, वर “नीट कर रे सही,” असा दमही भरला.

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. ताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“जा रे बाबा तू! इथं अजून चहा व्हायचाय!”

रोरीनं चहा संपवला आणि पियाला पुढं केला. बुरुलनं डोळे पुसले, किटली उचलली, आणि अर्धाच भरला.