यंत्रमानवाचा एकच शब्द

खाजेवरची गोळी घ्यायची तर बाळाचे दूध तोडायचे. पाजायचे तर अंग खाजवत बसायचे. घरातल्या ‘हितकर’ नावाच्या यंत्रमानवाने शर्वाणीच्या बाळंतीण आईपुढे हा पेच ठेवला आणि आजीने मान डोलावली. अंगभर गांधी उठलेली आई रडकुंडीला येऊन डब्याचे दूध मागवणार, एवढ्यात मावशीआजी आली.

डॉ. कालिंदी फणसळकर, आजीची धाकटी बहीण. औषधांच्या अभ्यासात तिचे आयुष्य गेले होते. खाटेखाली ओवा-शेपांची धुरी धुमसत होती. तिने ती आधी बाहेर काढायला लावली. आजीने रीतीचा दाखला दिला.

“रीतीला गांधी उठत नाहीत, ताई. लेकीला उठतात.”

मग ती हितकरकडे वळली. “दूध तोडा, हे कशावरून?”

“वेष्टनावर आहे: पुरेशी माहिती नाही, टाळावे.”

“धोका सापडला, की कुणी शोधलाच नाही?”

“दोन्हींसाठी माझ्याकडे एकच शब्द आहे: टाळावे.”

मावशीआजी हसली, ते हसू शर्वाणीला बर्फासारखे वाटले. मावशीआजीने सांगितले, की कित्येक दशके गर्भवती आणि पाजत्या स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून बहुधा वगळले गेले, अर्थात त्यांच्याच काळजीपोटी. आणि मग माहिती नाही म्हणून औषधही नाकारले गेले. विद्वानांची काळजी निष्कलंक राहिली, खाज आईच्या वाट्याला आली.

मग तिने गोळीचे काम समजावले. हिस्टामाइन (शरीरानेच सोडलेले, खाज-सूज आणणारे रसायन) पेशींवरच्या ग्राहींवर (रसायनांच्या बैठकींवर) बसते. गोळी त्या जागा आधीच अडवते. आईच्या रक्तातून दुधात औषध उतरते ते अगदी थोडे. जुन्या गोळ्या मेंदूत शिरून गुंगी आणतात. त्यांनी बाळ पेंगुळू शकते, दूधही घटू शकते. लोराटाडिन, सेटिरिझिन या नव्या गोळ्या तशी गुंगी फारशी आणत नाहीत. म्हणून डॉक्टर सहसा त्या निवडतात.

“पण हे कळलं कसं?” शर्वाणीने विचारले.

“गरोदरपणी गोळी घ्यावी लागलेल्या हजारो बायकांनी आपली बाळं कशी आहेत ते संशोधकांना कळवलं. या गोळ्यांमुळे बाळांत व्यंगं वाढलेली दिसली नाहीत. पाजत्या आयांनीही आपली बाळं ठीक असल्याचं सांगितलं. या बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. माझ्या साऱ्या पदव्यांपेक्षा मी त्यांना मोठं मानते.”

मग डॉक्टरांनी पडद्यावरून आईला आणि बाळाला पाहिले, गोळी ठरवून दिली आणि बाळ फार झोपाळू वाटल्यास लगेच कळवायला बजावले.

संध्याकाळी खाज ओसरली. बाळाला पदराखाली घेत आई पुन्हा पडद्यावर आलेल्या डॉक्टरांना म्हणाली, “याचं कसं चाललंय, तेही त्या संशोधकांना कळवायचं आहे. कुणाला सांगू?”

अजून जन्मालाही न आलेल्या कुठल्याशा बाळाच्या आईला तिने कळवलेल्या माहितीचा आधार होणार होता. शर्वाणी पाहत राहिली. तिचा भाऊ, विज्ञानात भर घालत, डोळे मिटून चुटूचुटू दूध पीत होता.