नरक्याच्या बाटल्या

माझ्या मावसबहिणीने, माधुरीने, हे मला आजवर दोनदाच सांगितलंय. दोन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. म्हणून मी तरी ते खरं मानतो.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. रविवार, दुपारचे अडीच. वरवे बुद्रुकजवळची टिश्यू कल्चरची एक लॅब.

वेल्ह्याच्या डोंगरातून आणलेल्या नरक्याच्या एका डहाळीचे बारीक तुकडे करून तिथे बाटल्यांत वाढवले होते. नरक्या म्हणजे कॅन्सरच्या औषधाचं झाड, चोरट्या तोडीने संपत आलेलं. प्रत्येक बाटलीत मातीऐवजी जेली आणि त्यात बोटभर हिरवं रोप. माधुरीची दीड वर्षाची मेहनत.

सुट्टीमुळे माधुरी एकटीच होती. रोपं बघायला ती बाटल्या ठेवलेल्या ग्रोथ रूममध्ये शिरली. दार मागे आपोआप लागलं.

निघताना तिने हँडल ओढलं. ते हातातच आलं.

त्या खोलीला खिडकी नाही. जाड पॅनेलच्या भिंती. मोबाईलला रेंज नाही. तिच्याबरोबर काम करणारी अश्विनी पाचला ड्यूटीवर येणार होती, तोवर बसून राहायचं. माधुरी घाबरली नाही.

मग लाईट गेली.

एसी बंद पडला. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. तिने दार बडवलं. तीनदा.

मागच्या रॅकवरून आवाज आला...

टक. टक. टक.

काचेवर. बाटलीच्या आतून.

तिने पुन्हा दार बडवलं नाही. टकटक मात्र चालूच राहिली.

मोबाईलचा टॉर्च लावला. कोणी नव्हतं. फक्त सगळ्या बाटल्या आतून धुरकटल्या होत्या... श्वास सोडल्यासारख्या.

मग वास आला.

ओल्या मातीचा... त्या निर्जंतुक खोलीत मातीचा कणही कधी आला नव्हता.

"पोरी... दार उघड की."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. दमलेला. अगदी शेजारून.

माधुरी कुजबुजली, "आजी, मीपण आतच अडकलेय."

टकटक थांबली.

"म्या लई हाका मारल्या. वरनं लोकं चालत हुती. पावलं वाजत हुती. कुनालाच ऐकू ग्येलं न्हाई..."

माधुरीच्या ओढणीचं टोक कुणीतरी मुठीत धरलं. घट्ट.

तिने ते सोडवून घेतलं नाही. का, ते तिला आजही सांगता येत नाही.

"पाच वाजता अश्विनी येईल," ती म्हणाली. "मग जाऊ."

त्या अंधारात दोघी बसून राहिल्या.

पाचला दार उघडलं. माधुरी धडपडत बाहेर आली. अश्विनी मात्र अंग चोरून दाराशीच उभी राहिली, आणखी कुणालातरी वाट दिल्यासारखी.

मग तिने विचारलं, "त्या आजी कोण गं?"

पॅसेज रिकामा होता.

आठवड्याने माधुरी वेल्ह्याला गेली. ती डहाळी तिथल्याच डोंगरातल्या सोपानकाकांनी आणून दिली होती. बाजारातल्या चहाच्या टपरीवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्ये झाड दरडीच्या ढिगाऱ्यावर उगवलंय," ते म्हणाले. "खाली रतनबाईचं घर हाय. आमी ल्हान हुतो तवा डोंगर खचला. गाव दोन दिस वरनं हुडकत हिंडलं. घर काय घावलं न्हाई."

मग त्यांनी हळूच विचारलं, "तुज्यासंगं किती जनी भाईर आल्या?"

"एकच."

काकांनी कप खाली ठेवला.

"घरात तिगी हुत्या."

माधुरी अजून तिथेच नोकरी करते. आत गेली की दारात स्टूल अडकवून ते उघडंच ठेवते. थंडावा जातो म्हणून साहेब रागावतात. ती ऐकून घेते, स्टूल काढत नाही.

बाकीच्या दोघी आल्या का, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

तिने विषय बदलला.