दीड मीटर दोरीचा पाळणा

चंद्रावरच्या गुरुत्व-प्रयोगशाळेत एरवी दगड, वजनं आणि न बोलणारी माणसं असत. बारशाच्या दिवशी सकाळी मात्र तिथे छताला दीड मीटर दोरीने पाळणा टांगला होता आणि त्यातली बारा दिवसांची मुलगी साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल अशी रडत होती. चंद्रावर जन्मलेलं हे पहिलं माणूस. घसा मात्र अस्सल जिरगे घराण्याचा.

"बंद कर ते तुझं झुलवणी-यंत्र," सगुणाआत्या म्हणाली. "पोरीला झोके देतोयस की सुपात पाखडतोयस?"

"आत्या, तुझ्याच पाळण्यांच्या ठेक्यावर लावलंय," हणमंत म्हणाला. तो मुलीचा बाप आणि वसाहतीचा गुरुत्वतज्ज्ञ. "अगदी गावाकडचा ठेका."

बाळाचं नाव ठेवायला आत्या लागते. हणमंतला बहीण नाही, म्हणून त्याची स्वतःची आत्या चार दिवस यानात बसून आली होती. शाळा चौथीत सुटलेली. पण घरातल्या एकतीस पोरांसाठी तिने एकतीस नवे पाळणे रचले होते. दुसऱ्याचं गाणं आपल्या बाळाला म्हणजे उष्टं ताट वाढणं, असं तिचं मत. तिच्या घरात वेगळं मत कुणी ठेवत नसे.

बारसं चार वाजता होतं आणि बत्तिसावं गाणं काही सुचत नव्हतं. नवा पाळणा झाल्याशिवाय बाळाच्या कानात नाव सांगणार नाही, असं तिने आल्या दिवशीच सगळ्यांना ऐकवलं होतं.

"शब्द आहेत," ती हळूच म्हणाली. "चाल येत नाही."

हणमंतची बायको केतकी वसाहतीची डॉक्टर होती. ती म्हणाली, "आत्या, मी चालते कशी ते बघा." तिने पाऊल टाकलं. ती उचलली गेली, अंमळ तरंगली आणि सावकाश खाली आली. "इथे आपलं वजन सहावा हिस्सा. पोरगी नऊ महिने पोटात हेच हेलकावे खात होती. तिच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पिशवीला दुसरा ठेका माहीतच नाही."

"मोकळा सोडला तर पाळणाही असाच हलतो," हणमंतने री ओढली. "दोरी तेवढीच, पण खालची ओढ कमी, म्हणून झोका मंद. एका झोक्याला जाऊन परत यायला गावाकडे अडीच सेकंद, इथे सहा. तुझी गाणी बसावीत म्हणून तर यंत्र लावलं. यंत्र नको असेल तर दोरी सहापट आखूड करू. पंचवीस सेंटिमीटर."

"म्हणजे केवढी?"

हणमंतने वीत ताणून दाखवली.

"अरे, त्याला शिंकं म्हणतात! पोरगी आहे ती, दह्याचं गाडगं नाही."

आत्याने यंत्राची वायर उपटली आणि पाळण्याला बोट लावलं. पाळणा गेला... गेला... तिने सवयीने ओळ उचलली. ओळ संपली तरी पाळणा अजून दूरच चालला होता. केतकीला हसू आवरेना.

"हस, हस," आत्या म्हणाली. "माझं चुकलं कुठं ते कळलं मला. गाणं मी खुर्चीत बसून रचतेय. आजवरचा एकेक पाळणा झोका देता देता सुचलाय. हात चालला की चाल येते. इथल्या चालीला माझा हात अजून लागलाच नाही."

मग ती तासभर नुसता झोका देत राहिली. खिडकीबाहेर पाहिलं, दाराशी काढलेले बूट पाहिले, भिंतीतल्या वाफ्यातली मेथी पाहिली. पाळणा दूर जाताना ती अर्धी ओळ सोडायची, जवळ येताना उरलेली घ्यायची.

"खिडकीत पृथ्वी... टांगली निळी,
बुटांची धूळ... झाडली सकाळी,
भिंतीत मेथीला... कोंब आला,
नीज गं सोने... वेळ आहे आपल्याला."

दुसऱ्या ओळीला रडणं थांबलं. चौथीला डोळे मिटले.

चार वाजता आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, मंदाकिनी.

"वा! आकाशगंगा!" हणमंत खूश झाला.

"तुझी आकाशगंगा तुला. मी मंदा म्हणणार. कशी सावकाश झोपली बघ."

पाळण्याचं ध्वनिमुद्रण पृथ्वीवर गेलं. आठवड्याने गावाहून आत्याची धाकटी जाऊ पारू फोनवर बोलली.

"अक्का, तुमचं गाणं कुणाला म्हणता येईना. पहिला शब्द तोंडात असतानाच पाळणा परत येतोय. माझ्या गुडघ्यावर दोनदा आपटला."

हणमंतने हिशेब उलटा मांडला. "काकू, तिथे ओढ सहापट, म्हणून दोरी सहापट लांब लागेल. नऊ मीटर."

"नऊ मीटर? अरे, एवढं उंच घर कुणाचंय?"

"घर नसेल तर गावाची पाण्याची टाकी आहे ना?" आत्या म्हणाली. "तिच्याखाली टांगा."

तिसऱ्या दिवशी चित्रफीत आली. टाकीच्या खांबांमध्ये लांबलचक दोरीवर पाळणा संथ हेलकावत होता आणि लेकरं कडेवर घेऊन बायकांची रांग लागली होती. गाणं नीट बसलं होतं. पारूचा चेहरा मात्र रडवेला होता.

"अक्का, टाकीखाली सगळी पोरं गाढ झोपतात हो. पण तिथली सवय लागली, आता घरच्या पाळण्यात एकही जण डोळा मिटत नाही! काय करायचं?"

शब्द पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागतो. आत्याने तेवढा वेळही विचार केला नाही.

"घरं उंच बांधा," ती म्हणाली. "ओळ आखूड होणार नाही."